लसणाचं बिऱ्हाड

ये, अशी जवळ ये. म्हंजे तू काय आता पुण्याहून उठून येणार न्हाईस हे मला ठाऊक आहे. हा कागद तरी जवळ घे न् बूड टेकून वाच. एका हातात चहा न् एका हातात फोन, असं वाचलेलं मला चालायचं न्हाई. आधी तुला जरा रागवायचं आहे. परवा तू मिरचीच्या झाडाचा फोटो धाडलास. पानं सगळी आखडून वर वळलेली, न् खाली लिहिलं होतंस, "आजी, ही का रुसली?" रुसंल न्हाई तर काय करंल बाई. एवढ्या मोठ्या गॅलरीत एका कुंडीत तिला एकटीला उभी केलीस. शेजारी कोण, तर कपडे वाळत घालायची दांडी. तुला तरी असं करमलं असतं का?

माझ्या सासूबाई, म्हंजे तुझी पणजी, असत्या तर ती कुंडी बघूनच त्यांनी तोंड फिरवलं असतं. त्यांचा एक शब्द होता, सोबतीण. प्रत्येक झाडाला सोबतीण लागते असं त्या म्हणायच्या. वांग्याची सोबतीण झेंडू. मक्याची सोबतीण वाल, कारण मका ताठ उभा राहतो न् वालाला चढायला कुणीतरी पाहिजेच असतं. भेंडीच्या कडंनं अंबाडी, म्हंजे किडीनं आधी अंबाडी खावी न् पोट भरून झोपावं. वांग्याच्या पायाशी कोथिंबीर, तिला सावली लागते म्हणून. आन् काकडीजवळ कारलं बिलकुल न्हाई, काकडी कडू होते म्हणायच्या. खरं-खोटं देवाला ठाऊक, पण मी आजपर्यंत लावून बघितलं न्हाई. रोप हातात धरलं, की माती उकरायच्या आधी त्या विचारायच्या, "हिच्या शेजारी कोण?" जशी काही सोयरीकच जमवून राह्यल्या.

मी लग्न होऊन परतूरला आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाल्ती. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, जालना जिल्हा लई नंतरचा. तुझे आजोबा तहसील कचेरीत कारकून. उर्दूतले जुने कागद मराठीत उतरवायचं काम चाललं होतं, म्हणून घरी आले तरी बोटाला शाई. माझं माहेर शहागडच्या अंगाला, गोदावरीच्या काठी. अक्षरओळख म्हणशील तर मला किराण्याच्या पुड्यांची. पुडी सोडली की तो कागद चुलीत घालायच्या आधी वाचून काढायचा, एवढीच माझी शाळा. पण मातीत हात घालायला मी आईच्या मागं मागं फिरून शिकले होते, न् त्याचा मला जरा ताठाच होता. तो ताठा कसा नडला, तेच तुला सांगून राह्यले.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. पण मागं परसू चांगलं ऐसपैस. त्याला लागूनच शेजारच्यांचं परसू. मधी भिंत न्हाई, कुंपण न्हाई, नुसता पाण्याचा पाट. शेजारी मारवाडी जैन कुटुंब. त्यांचे आजे-पणजे राजस्थानातून आल्ते म्हणे, पण यांचा जन्म इथलाच; कापसाचा न् धान्याचा व्यापार. घरच्या बाईला मी काकीजी म्हणायची. सासूबाई त्यांना भाभीजी म्हणायच्या न् त्या सासूबाईंना नुसतं बाई. मला बिनणी. त्यांच्यात सुनेला बिनणी म्हणतात. मला पहिल्या दिवशी वाटलं माझ्या वेणीचं काही बोलून राह्यल्या, म्हणून मी पटकन डोक्यावरून हात फिरवला. दोघी एवढ्या हसल्या की सासूबाईंना ठसका लागला.

तर आड होता काकीजींच्या हद्दीत. हे ध्यानात ठेव, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आडाच्या काठाला दगडाची डोणी, डोणीच्या बुडाला एक भोक, न् भोकाला चिंधीचा बोळा. पोहऱ्यानं पाणी शेंदून डोणीत ओतायचं, बोळा काढला की पाणी पाटानं निघायचं. आन् जमिनीचा उतार असा, की पाणी आधी आमच्या वाफ्यांतून फिरायचं न् मंग खालच्या कोपऱ्यात काकीजींच्या मिरच्यांपर्यंत जायचं. आड त्यांचा, उतार आमचा. सासूबाईंची सगळी वांगी, भेंडी, वाल त्या एका पाटावर जगायची. सासरा मी बघितलाच न्हाई. सासूबाई आष्टीहून लग्न होऊन आल्या तेव्हा पदराच्या गाठीत बिया घेऊन आल्त्या, न् त्यांचं म्हणून जे काय होतं ते त्या परसात होतं.

सकाळी पाणी शेंदायला मी न् काकीजी. अर्धं त्या, अर्धं मी. प्यायचं पाणी त्या फडक्यातनं गाळून घ्यायच्या, ते तर सगळेच करतात. पण गाळून झालं की त्या फडकं उलटं करायच्या, त्यावर थोडं पाणी ओतायच्या, न् फडक्यात अडकलेले डोळ्याला न दिसणारे जीव असतील-नसतील, ते पोहऱ्यात घेऊन परत आडात सोडायच्या. सोडायच्या म्हंजे वरून फेकायच्या न्हाईत. पोहरा पार खाली पाण्याला टेकवायचा, न् मंग हळूच कलता करायचा. मी एकदा म्हणलं, "काकीजी, ओता की वरूनच, जल्दी होईल." त्या म्हणल्या, "तुला कुणी आडात वरून फेकलं तर चालंल का?"

अष्टमी-चौदसला त्यांच्यात हिरवं खात न्हाईत. मंग त्या दिवशी त्यांच्या वाफ्यातली भाजी पाट ओलांडून आमच्याकडं यायची. कांदा-लसणाचं तर नावच न्हाई. बाजारचं तिखटबी त्यांना चालायचं न्हाई, कुणाच्या उखळात कशानंतर कुटलं असंल म्हणून. म्हणून काकीजी घरच्या लाल मिरच्या वाळवायच्या न् स्वतः कुटायच्या. वर्षभराचं तिखट त्या एका कोपऱ्यातल्या वाफ्यातून निघायचं.

आता लसूण. सासूबाई लसूण लावायच्या, पण घराच्या पलीकडच्या अंगाला, न्हाणीच्या सांडपाण्यावर. पाटाच्या काठी एक पाकळी न्हाई. माझ्या माहेरी मिरचीच्या दोन रोपांत लसूण असायचाच. आई म्हणायची त्याच्या वासानं मिरचीवर किडे बसत न्हाईत. मी आल्या आल्या सासूबाईंना म्हणलं, "आत्याबाई, मिरचीत लसूण लावू का?" त्या वालाचा वेल बांधत होत्या, सुतळी दातात. "इथं नको," एवढंच म्हणल्या. का नको ते त्यांनी सांगितलं न्हाई, मीबी विचारलं न्हाई. मला वाटलं, म्हातारीला हे ठाऊक नसंल.

दुसऱ्या वर्षी पौषात काकीजींच्या मिरच्यांवर कोकडा आला. तुझ्या कुंडीतल्या मिरचीला झालंय ना, तेच. पानं आखडतात, शेंडा थांबतो, फूल धरत न्हाई. काकीजी रोज सकाळी वाफ्याच्या कडंला उभ्या राहून एकेक पान उलटं करून बघायच्या. राख टाकून झाली. ताक शिंपडून झालं. एक दिवस मला म्हणल्या, "बिनणी, यंदा फिकं खायचं दिसतंय." हसून म्हणल्या, पण मला ते लागलं.

मी विचार केला तो असा. लसूण काकीजींना खायला चालत न्हाई, बराबर. पण मिरचीत लावलेला लसूण खायचा कुठं आहे? तो राखणीला आहे. दारावरचा पहारेकरी काय खातो-पितो हे कोण विचारतं? हा विचार मला इतका आवडला, की मी तो कुणालाच सांगितला न्हाई. गावात साध्वी आल्त्या, काकीजी दुपारी त्यांच्या प्रवचनाला गेल्त्या. सासूबाई आत पडल्या होत्या. मी दोन गड्डे फोडले न् खालच्या कोपऱ्यात जाऊन मिरचीच्या दोन-दोन रोपांत पाकळ्या खोचून आले. माती वरून सारखी केली. काकीजींच्या मिरच्या सुधारल्या की मंग सांगायचं, न् शाबासकी घ्यायची, असा बेत.

आठवड्यात पाती वर आल्या. पहिल्या दिवशी काकीजींना गवतच वाटलं. मी आडावर पोहरा ओढून राह्यले होते न् डोळा त्यांच्याकडं. त्या वाकल्या, एक पात खुडली, बोटांत चुरडली, नाकाजवळ नेली. मंग तो हात अंगापासून लांब धरून उभ्या राहिल्या, जसा तो हात त्यांचा नव्हेच.

"हे तुम्ही लावलं?"

तुम्ही. दीड वर्षात काकीजी मला पहिल्यांदा तुम्ही म्हणल्या. पोहरा माझ्या हातून तसाच आडात गेला.

"मिरचीला औषध म्हणून, काकीजी. आमच्या माहेरी लावतात."

"मला विचारलं का न्हाई?"

मी म्हणलं, "आत्ता उपटून टाकते," न् पळत जाऊन वाफ्यात वाकले.

"हात लावू नका." त्यांचा आवाज चढला न्हाई, पण मी वाकलेली तशीच राहिले. "लावलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता माझ्या डोळ्यांदेखत मुळासकट उपटाल. त्या मुळाशी किती जीव असतील, ते कुणाच्या माथी? ठेवता येत न्हाई, काढता येत न्हाई. असलं काम करून ठेवलं तुम्ही."

त्या आडावर गेल्या. डोणीच्या भोकातला बोळा आत ठोकला, त्यावर दगड बसवला न् वरून चिखल लिंपला. "तो वाफा तुमचा," म्हणल्या. "मिरच्याबी तुमच्याच." न् आत गेल्या.

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकल्तं. मला वाटलं आता बोलतील, माझं माहेर काढतील. त्या फक्त म्हणल्या, "मिरचीच्या शेजारी कोण, एवढं बघितलंस. मिरचीवालीच्या शेजारी कोण, ते न्हाई बघितलं." मंग मला उमगलं की पाटाच्या काठी लसूण का नव्हता. आमच्या वाफ्यातून फिरलेलं पाणी काकीजींच्या मिरचीला जायचं. काकीजींनी कधी तोंडानं सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी कधी विचारलं नव्हतं. मी यायच्या कितीतरी आधीपासून लसूण आपला घराच्या पलीकडं लागत होता.

पाट कोरडा पडला. प्यायला पाणी घ्यायला बंदी नव्हती. पण सासूबाईंनी मला बजावलं, "जिनं पाट अडवला तिच्या आडाचं पाणी उचलून झाडांना न्यायचं न्हाई. घागर प्यायची, तेवढीच." न्हाणीचं पाणी तांब्यानं घालून किती पुरणार? चौथ्या दिवशी वालाची पानं लोंबली. झेंडू वाळला, न् झेंडू वाळल्यावर वांग्यावर माव्याची कीड चढायला किती वेळ. सासूबाई सकाळी उठून परसात जायच्या, एक फेरी मारायच्या न् काही न करता आत यायच्या. त्यांच्या हाताला काम नसलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

आन् त्याच्यावर शेजारी विटा येऊन पडल्या. बैलगाडीभर विटा, आडाच्या अलीकडं, बराबर पाटाच्या रेषेवर. तुझे आजोबा कचेरीतून आले न् बघून म्हणले, "भिंत घालतेत वाटतं." भिंत झाली असती तर आड पलीकडं राहिला असता, न् सरकारी विहीर पार टेसनाच्या रस्त्याला. पाणी मी आणलंही असतं डोक्यावर, मी काय मऊ नव्हते. पण ते प्यायपुरतं. परसू गेलंच असतं, न् परसू गेल्यावर सासूबाईंचं काय राहिलं असतं, हे मला बोलून दाखवायची कुणाला गरज नव्हती.

आजोबा म्हणले, "मी शेठजींशी बोलू का?" शेठजी म्हंजे काकीजींचे यजमान.

"तू मधी पडू नको," सासूबाई म्हणल्या. "तुम्ही दोघं गडी बोलायला बसाल, दोन कप चहा पिऊन नकाशा काढाल, न् भिंत आहे त्यापेक्षा हातभर उंच होईल."

मी आडावर जायची तेव्हा काकीजी बोलायच्या न्हाईत. पण एक होतं. पोहऱ्याचा दोर त्या रोज नीट वेटोळं करून, माझ्या हाताला येईल असा काठावर ठेवायच्या. मी त्या दोराकडं बघून दिवस काढून राह्यले होते.

नवव्या दिवशी दुपारी मी वरणाला फोडणी द्यायला बसले. लसूण ठेचला, तेलात टाकला. तेवढ्यात शेजारून काकीजींच्या फोडणीचा वास आला, हिंगाचा. दोन्ही घरी तुरीचंच वरण. आमच्याकडं लसूण, त्यांच्याकडं हिंग. मी पळी हातात धरून बसूनच राहिले. जिथं आमच्या कढईत लसूण, तिथं त्यांच्या कढईत हिंग. मंग जिथं आमच्या मातीत लसूण लागतो तिथं त्यांच्या मातीत काय लागंल? फोडणी करपली. सासूबाई आतून म्हणल्या, "काय जाळलंस?"

तू म्हणशील, लागलीच हिंग घेऊन वाफ्यात पळाली असंल आजी. न्हाई. या बारीला मी आधी विचारायला गेले.

काकीजी ओसरीवर मूग निवडत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. मंग मी खाली बसले न् ताटातले मूग निवडायला लागले. थोड्या वेळानं म्हणलं, "काकीजी, एक विचारायचं होतं. मिरचीला हिंग चालंल का?"

"कोणत्या मिरचीला?"

"तुमच्या."

"माझी मिरची कुठं राहिली आता." त्यांनी एक खडा उचलून फेकला. मंग म्हणल्या, "हिंग कसा? पानावर लावायचा?"

"पाण्यात. फडक्यात खडा बांधून डोणीच्या भोकाशी अडकवायचा. पाणी हिंगावरून जाईल."

त्यांनी मान वर केली. "म्हंजे मिरच्या झाडावरच फोडणी घालून निघतील."

मला कळंना हसावं का न्हाई. म्हणून मी मूगच निवडले.

"आन् तो लसूण?" त्या म्हणल्या. "तो तिथं बसूनच राह्यला आहे. त्याचं काय करायचं?"

"त्याला मारायचं कोण म्हणतंय भाभीजी," मागून आवाज आला. सासूबाई. किती वेळच्या येऊन उभ्या होत्या ठाऊक न्हाई. "त्याचं बिऱ्हाड हलवू."

"बिऱ्हाड?"

"मातीच्या गोळ्यासकट उचलायचा. मुळाला धक्का न्हाई न् मुळाशी कुणी राहत असंल त्यालाबी धक्का न्हाई. कचेरीत बदली झाली की नेतात ना, चूल-भांडी, पाटा-वरवंटा, सगळं गाडीत घालून? तसा न्यायचा, न् आमच्या न्हाणीमागं उतरवायचा."

काकीजी विचारात पडल्या. "एखादा मेला तर?"

"तर पाप माझं. मला काय, मी कांदाबी खाते."

काकीजींनी तोंडाला पदर लावला. हसल्या का न्हाई हे मला दिसलं न्हाई, पण खांदे हलले.

मंग सासूबाई जरा थांबून म्हणल्या, "एकच आहे. माती कोरडी ठाक झालीय, गोळा निघायचा न्हाई, फुटंल. वाफा भिजवावा लागंल. पाणी लागंल."

वाफा भिजवायचा तर पाट सुरू करावा लागणार, न् पाट सुरू झाला की पाणी आधी आमच्याच वाफ्यातून जाणार, जमिनीचा उतारच तसा. सासूबाईंनी हे घरूनच हेरून आणलं होतं असं मला आजबी वाटतं, पण मरेपर्यंत त्यांनी कबूल केलं न्हाई.

काकीजींनी मुगाचं ताट बाजूला ठेवलं. उठल्या. डोणीवरचा चिखल वाळून दगडासारखा झाल्ता, तो उलथन्यानं खरवडला. दगड काढला, बोळा काढला. मी शेंदायला लागले, न् थोड्या वेळानं बघते तर दोराला दुसरे दोन हात. पाणी पाटातून गेलं, आमच्या वालाच्या मुळाशी गेलं, वांग्याला वळसा घालून खाली उतरलं. सासूबाई पाण्याच्या पुढं पुढं अनवाणी चालत होत्या, पायानं पालापाचोळा बाजूला सारत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिऱ्हाड हललं. माती लोण्यासारखी झाल्ती. सासूबाई खुरप्यानं चारी बाजूंनी कापायच्या, मी दोन्ही हातांच्या ओंजळीत गोळा घ्यायची न् घराला वळसा घालून न्हाणीमागं नेऊन ठेवायची. काकीजी वाफ्याच्या कडंला उभ्या. लसणाला हात लावत नव्हत्या, पण नजर अशी, की माझ्या हातून एक ढेकूळ निसटलं तर म्हणल्या, "अरे, हळू, हळू. सबर करा." शेवटच्या गोळ्याबरोबर एक गांडूळ आलं. ते त्यांनी पानावर घेऊन परत मिरचीच्या मुळाशी सोडलं. "याची बदली न्हाई झाली," म्हणल्या.

मंग त्यांनी घरातून हिंगाची लाकडी डबी आणली. आमच्या घरी हिंग म्हंजे चिमूटभर, तोही सणाला. त्यांचा खड्याचा हिंग, डबी उघडली की आडाच्या पलीकडं वास. जुन्या ओढणीचा तुकडा फाडला, खडा ठेवला, माझ्यापुढं धरला.

"बिनणी, गाठ तू मार. तुझी बोटं बारीक आहेत."

तू म्हणल्या. मी गाठ मारली, न् कशी मारली मला दिसलं न्हाई, डोळ्यांत पाणी होतं. सासूबाई म्हणल्या, "हिंग तेज आहे भाभीजी, बघा पोरीच्या डोळ्यांत गेला."

मिरच्यांचं म्हणशील, तर आखडलेली पानं काही सरळ झाली न्हाईत. ती तशीच राहिली न् गळली. पण माघ संपता संपता शेंड्याला नवी पानं आली, ती चांगली निघाली. वर्षाचं न्हाई, पण निम्म्या वर्षाचं तिखट त्या वाफ्यातून निघालं. काकीजी म्हणायच्या हिंगानं झालं. सासूबाई म्हणायच्या हिंगानं कशाचं, थंडी गेली न् पाणी बराबर मिळालं म्हणून. हे भांडण दोघींनी पुढं किती वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. मी कुणाच्याच बाजूनं बोलले न्हाई, मला तेवढी अक्कल आल्ती.

लसणाच्या चार-दोन रोपांनी माना टाकल्या. काकीजी रोज सकाळी विचारायच्या, "बाई, तुमचा बदलीवाला कसा आहे?" सासूबाई म्हणायच्या, "रमला." एकदाबी खरं सांगितलं न्हाई. आन् मला दटावलं होतं, "तू तोंड उघडशील तर बघ."

विटा कशासाठी आणल्त्या हे मी कधी विचारलं न्हाई. फाल्गुनात शेठजींनी त्या पाटाच्या दोन्ही काठांना बसवून घेतल्या. पाटाचं पाणी फुटून जायचं थांबलं. त्यानंतर दर साली मिरची लावली की डोणीच्या भोकाशी हिंगाची पुरचुंडी. हिंग काकीजींचा, गाठ माझी. न् पाटाच्या काठी नवं काही लावायचं झालं की मी रोप हातात धरून पलीकडं हाक मारायची, "काकीजी, इथं मुळा लावू का?" त्या आतूनच म्हणायच्या, "मुळा तुमच्या न्हाणीमागं." मुळाबी जमिनीखालचा ना. मंग मी हसत हसत घराला वळसा घालायची.

पुढं त्यांचा व्यापार जालन्याला गेला न् घर विकून ते सगळे तिकडं गेले. तुझा बाप तेव्हा पाच-सहा वर्षांचा असंल. जायच्या दिवशी काकीजी परसात आल्या, पाटाच्या कडंनं एक फेरी मारली, न् ती हिंगाची डबी माझ्या हातात दिली. "जालन्याला नळ आहे," म्हणल्या. "नळाच्या तोंडाला कुठं पुरचुंडी बांधू." सासूबाई त्या दिवशी घराबाहेर आल्या न्हाईत, न्हाणीमागं लसूण खुरपत बसल्या. त्याच्यात खुरपण्यासारखं काही नव्हतं. नव्या मालकानं वर्षाच्या आत भिंत घातली. भला माणूस होता, आडाला एक दार ठेवलं आमच्यासाठी, पण पाट गेला. त्या विटा मी उचलून ठेवल्या. आता माझ्या कुंड्या ज्यांच्यावर आहेत ना, त्याच त्या.

तर तुझ्या मिरचीचं. ती वाळली न्हाई, घाबरू नको. लसणाच्या चार पाकळ्या घे, टोक वर करून कुंडीच्या कडंनं खोच. पण आधी एक कर. तू म्हणलीस ना, तुझ्या गॅलरीचं पाणी खालच्या घराच्या तुळशीवर पडतं न् त्या बाई कुरकुर करतात, न् तुला त्यांचं नावबी ठाऊक न्हाई? आधी खाली जा. दार वाजव. बस त्यांच्याजवळ, भाजी निवडत असतील तर निवडू लाग, न् मंग विचार, वर लसूण लावला तर चालंल का. न्हाई म्हणल्या, तर हिंग.

हिंगाची डबी मी कुरिअरनं धाडणार न्हाई, आधीच सांगते. ती इथंच आहे, फडताळात, वरच्या फळीवर, आता माझा हात पोचत न्हाई तिथं. माघात न्हाणीमागचा लसूण कोवळा असतो, पातीची चटणी करू. मागच्या बारीसारखी दीड दिवसाची येऊ नको. चार दिवस काढून ये, न् जल्दी ये बाई, गाठ मारायला मला आता दुसऱ्याची बोटं लागतात.